तपासलेला पेपर
कामठ्याचा खुशाल मुलीला घेऊन कॉलेजात भांडायलाच आला होता. थोरला मुलगा याच कॉलेजातून वर्गात न बसता फर्स्ट क्लासमध्ये पास झाला, पण त्याला साधा अर्ज लिहिता येत नव्हता. रोज तासांना बसणारी ही धाकटी आचल मात्र वनस्पतिशास्त्रात नापास झाली होती. त्या विषयाच्या नव्या मॅडमनी शांतपणे तिची उत्तरपत्रिका त्याच्यासमोर ठेवली. पानोपानी लाल शाईने चुका दाखवल्या होत्या, शेजारी बारीक अक्षरात बरोबर उत्तरंही लिहिली होती. "तुमी सारा पेपर वाचला?" खुशालने विचारलं. "वाचल्याशिवाय मार्क कसे देणार? शनिवारी पाठवा तिला, मी शिकवते." तो मुलीला घेऊन बाहेर आला. आचलचे डोळे भरले होते. "बाबा, तुमी भांडले काऊन नाही?" खुशालला कित्येक वर्षांनी हायसं वाटत होतं. "कायले भांडू?" तो म्हणाला. "आता पास होशील, तं खरीखुरी पास होशील."