परत करावयाची वस्तू

कोर्टाने दादाचं दिवाळं जाहीर केलं. आम्ही मात्र असं काही झालंच नाही असं ठरवून टाकलं. त्यामुळे वसुलीचे साहेब माझ्या घरी आले, तेव्हा दादाने त्यांना आधी चहा विचारला.

"नवा निकाल आलाय," साहेब म्हणाले. "दिवाळ्याआधीच्या दोन वर्षांत नातेवाइकांना फुकट दिलेलं सगळं परत घ्यायचंय. बहिणीला काय काय दिलंत? शपथेवर सांगा."

शपथ म्हटली की दादाच्या पोटात काही राहत नाही. "मिक्सर, शिलाई मशीन," तो म्हणाला, "आणि एक किडनी."

मी हसले. साहेब हसले नाहीत.

"तिचे किती घेतलेत?"

"काहीतरीच काय! सख्ख्या बहिणीकडून पैसे घेऊ?"

"म्हणजे फुकटच." त्यांनी लिहून घेतलं आणि खिडकीतून ड्रायव्हरला हाक मारली, "गाडीत बर्फ आहे का रे?"

मग माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "हरकत असेल तर अर्ज करा, ताई. आजवर एकही मंजूर झालेला नाही, पण करा."

मी लिहिलं, "सदर वस्तू माझ्या रोजच्या वापरात असल्याने, माझा वापर संपेपर्यंत ती माझ्याकडेच राहू द्यावी, ही नम्र विनंती."