देवीच्या पायाशी मागूर

ट्रे फ्रीजमध्ये नव्हता. संयुक्तानं सगळे कप्पे उपसले, सणाची पिवळी साडी दोनदा दारात अडकली, पण ट्रे नाही म्हणजे नाहीच.

त्या ट्रेमधल्या थेंबांत मागूर माशाचं हिमोग्लोबिन होतं. मागूर पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेतो. ती हवा त्याच्या रक्तातला हा रेणू कसा धरून ठेवतो, ते बघायचं तर रेणूची ठेवण कळायला हवी. त्यासाठी आधी स्फटिक हवा, मग त्यावर क्ष-किरण. चार वर्षांत एक धड स्फटिक बनला नव्हता. महिनाअखेर बनला नाही तर विषय बंद, असं तिचे मार्गदर्शक असलेल्या सान्याल सरांनी तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे पीएचडीही गेली.

ती धावत खाली मांडवात आली. कोलकात्यातल्या तिच्या संशोधन संस्थेत सरस्वतीपूजा नुकतीच आटोपली होती. जो विषय छळतो त्याचं पुस्तक आदल्या दिवशी देवीच्या पायाशी ठेवायचं आणि पुष्पांजली होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, ही तिथली रीत. आता जो तो आपापली पुस्तकं उचलत होता.

सान्याल सर प्रसादाच्या खिचुडीच्या रांगेत सगळ्यांत पुढे. वर्गणी मात्र जन्मात दिली नव्हती.

“वर्षभर पुस्तक उघडायचं नाही, आणि आता देवीकडून वाचून घ्यायचं! भले शाब्बास!” त्यांचं सुरूच होतं.

“संयुक्तादी, हा तुझाच ना ग?” तिच्या प्रयोगशाळेतल्या देबरूपानं झेंडूच्या ढिगातून ट्रे काढला. दिव्याशेजारी राहून तो चांगला कोमट झाला होता.

संयुक्ताला रडूच फुटलं. “कुणाची ही अक्कल? थंडीत ठेवायची वस्तू आहे ती! वाट लावलीत माझी!”

“आईशप्पथ, मी नाही,” देबरूपा म्हणाली. बाकीच्यांनीही कानांवर हात ठेवले.

सरांनी पत्रावळ बाजूला सारली. “रडतेस काय? आधी बघ तरी.”

सर तिच्यामागोमाग वर आले. तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. थेंबाथेंबात लालभडक स्फटिक. कडा कशा रेखीव!

“सर, आपण गारठ्यातल्या माशाची कृती उचलली होती! हा पडला आपल्या डबक्यातला. याला ऊब हवी होती हो!”

“मग नीट लिहून ठेव. काल संध्याकाळपासून ऊब, असं लिही.”

“संध्याकाळपासून? तुम्हाला काय माहीत?”

सरांनी ट्रेला चिकटलेली झेंडूची पाकळी अलगद उचलली.

“माझ्याकडचे सगळे उपाय संपले होते, पोरी.”