ओवाळणीतलं व्होल्टेज

शुभांगीनं आरतीचं ताट बाजूला ठेवलं आणि भावाला आधी कॉम्प्युटरपुढे बसवलं. भाऊबीजेला दुसरं काही नको म्हणाली, दादानं एवढं मशीन जरा पळतं करून द्यावं. एका लग्नाचा व्हिडिओ बाहेर निघायला रात्र जाते आणि मोनू उठला की सगळं तसंच राहतं.

मोनू म्हणजे तिचं अंगावर पिणारं लेकरू. पाळण्यात मूठ चोखत पडलं होतं.

भावाचा, जीवनचा, अड्याळला व्हिडिओ स्टुडिओ. पण यंदा अड्याळच्याच लोकांनी शूटिंग त्याच्याकडून करून घेतलं आणि पुढचं एडिटिंग आसगावला शुभांगीताईकडे नेऊन दिलं. ताईचा हात नाजूक, असं त्याच्याच दुकानात बसून, त्याचाच चहा पिऊन सांगितलं. ते त्याच्या घशात मासोळीच्या काट्यासारखं अडकलं होतं.

त्यानं मशीन बंद करून चालू केलं, आतलं सेटिंग उघडलं, प्रोसेसरचा वेग वाढवला.

"वेग वाढवला का व्होल्टेज बी थोडं वाढवा लागते," तो म्हणाला.

थोडं म्हणजे किती, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. सव्वा व्होल्टवरचा आकडा त्यानं दीडच्याही पुढे नेला. फार तापलं की मशीननं आपसूक बंद पडायची सोय होती, तीही काढून टाकली. असं मशीन लगेच मरत नाही. आधी वाऱ्यासारखं पळतं. तुळशीचं लग्न लागेपर्यंत पळेल, मग ऐन लग्नसराईत एका सकाळी उठणारच नाही.

"गरम तं नाही होणार न, दादा?"

"काही नाही होत. पन आता त्याले हात नको लावू."

व्हिडिओ किती निघाला ते दाखवणारी, कालपर्यंत पडद्यावर रांगणारी हिरवी पट्टी चालायला लागली. मोनूच्या आधी हेच चाललं, म्हणून शुभांगी हसली. राहिलेलं शेवटचं गाणं निघालं, तसं तिनं त्याला ते लावून दाखवलं. नवरा-नवरी विरून गेले आणि काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली : जीवन व्हिडिओ, अड्याळ.

"हे काहून टाकलं?"

"गिऱ्हाईक तुह्येच हायेत न, दादा."

जीवनचा हात मशीनच्या बटणाकडे गेला. बंद करायचं, चालू करायचं, आकडा खाली आणायचा. कितीसा वेळ.

"लोक तं म्हणतात, ताई, शूटिंग बी तुम्हीच करा, दादाले राहू द्या," ती ताटातला दिवा लावता लावता म्हणाली. "मीच नाही म्हणते. म्हटलं, दादाचं कसं होईन?"

हात मागे आला.

तिनं त्याला कुंकू लावलं, तांदूळ लावले, ओवाळलं, पाया पडली. एवढी मोठी ओवाळणी कोणाचा भाऊ देत नाही म्हणाली. तेवढ्यात पाळण्यात मोनू कुरकुरला. तिनं त्याच्याखालचं ओलं दुपटं काढलं, मोरीत खळबळून पिळलं आणि मशीनच्या मागे, गरम हवा येत होती तिथं पसरून दिलं.

"पाह्य ना, केवढी ऊब येऊन राहिली. थंडीत लेकराचे कपडे बी वाळतीन आता."

दुपट्याचा एक कोपरा दुमडला होता. तेवढ्या फटीतून हवा बाहेर येत होती.

कपाळावरचे तांदूळ न सांडता जीवन हळूच वाकला आणि त्यानं तो कोपरा सरळ केला.