पळवलेला बॅनर

सावा नदीच्या पूरग्रस्तांसाठी आम्ही फुटबॉलवेड्यांनी ट्रकभर ब्लँकेटं जमवली आणि पाऊस आला. ताडपत्री कुणीच आणली नव्हती. अड्ड्यावर दोनच मोठी कापडं: आमचा बॅनर आणि शेजारच्या शहरातल्या विरोधी संघाच्या चाहत्यांच्या टोळीचा, आम्ही पळवलेला बॅनर. बॅनर गेला की टोळी मोडायची, हा आमच्यातला नियम, त्यांची मोडलीच. मग ट्रकवर झाकायला तोच घेतला. वाट त्यांच्याच चौकातून, म्हणून रंगवलेली बाजू आत करून बांधला. तरी त्यांच्या म्होरक्याने शिवण ओळखून ट्रक अडवला. आमच्या वुकानने पाना उचलला. म्होरक्या वर चढून दोऱ्या सोडू लागला. “गाढवांनो, रंगाची बाजू वर घ्या! रंगातून पाणी झिरपत नाही. ब्लँकेटं भिजतायत.” त्यानेच उलटून बांधला. पूरग्रस्त गावात बॅनर वाचून लोक त्या टोळीचा जयजयकार करू लागले. “वुकान, सांगू का आपण कोण ते?” मी विचारलं. “गपगुमान ब्लँकेटं उतरव,” म्हणत तोही तेच नाव ओरडू लागला.