सात नंबरची घंटा

चाळीस वर्षं झाली असतील. वृद्धांचा सांभाळ करणाऱ्या एका सेवाभावी संस्थेत मी नोकरीला होते. खोल्या छत्तीस आणि आम्ही मदतनीस दोघीच, त्यामुळे दिवसभर पायाला भिंगरी. त्यातून सात नंबरच्या खोलीतले निवृत्त हेडमास्तर दिवसातून वीसदा घंटा वाजवायचे. कधी चष्मा सापडेना म्हणून, कधी खिडकी लावायला.

"सर, शाळेत वाजवून हौस फिटली नाही का?" मी एकदा वैतागून विचारलं.

"शाळेत शिपाई वाजवायचा, बाई."

एके दिवशी नाश्त्यानंतर अकरा वाजेपर्यंत त्यांची घंटा एकदाही वाजली नाही. हातातल्या चादरी तिथेच टाकून मी धावले. माझ्यामागे दुसरी मदतनीस, तिच्यामागे बीपीचं यंत्र घेऊन नर्स. दार ढकललं, तर सर खुर्चीत आरामात बसून मनगटावरचं घड्याळ बघत होते.

"वाजवली की अर्धा तास कुणी फिरकत नाही," ते म्हणाले, "म्हणून आज न वाजवून पाहिली."