थोडं डावीकडे

फुकटात चॅनेलं दिसतात म्हणून डिश आणली आणि तीन दिवसांत माझा पार काटा ढिला झाला. मागच्या अंगणात झाडंच झाडं. आकाश दिसतं ते ताटाएवढं, आणि खिडकीतून डिश दिसतच नाही. मी डिश हलवायची आणि बायकोने टीव्हीवरचे सिग्नलचे आकडे बघून खिडकीतून ओरडायचं, असा आमचा उद्योग.

आज दुपारी हात अगदी भरून आले. पाना डिशखाली टाकला, तिला न सांगताच मागच्या दाराने आत आलो आणि तोंड धुतलं.

तिचं चालूच होतं. "थोडं डावीकडे! अजून थोडं... हं, बास! नव्वद!"

टॉवेल घेऊन मी तिच्या पाठीशी जाऊन उभा राहिलो. टीव्हीवर पहिल्यांदाच स्वच्छ चित्र आलं होतं.

बाहेर कुणीतरी पान्याने नट आवळत होतं.

कॉटवरून बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "सकाळपासून राबतोय गं तो. बोलव त्याला आत."

मी तिला थांबवायला हात पुढे केला, पण उशीर झाला.

"झालं हो! या आता आत!" ती खिडकीतून ओरडली.

पाना थांबला. मग पाचोळा वाजू लागला, मागच्या दाराच्या दिशेने. दार मी उघडंच टाकलं होतं.