झेंड्याला टांगलेली पर्स

"या वेळी नमुना भरपूर मिळाला," डॉक्टर टेर्पस्ट्रा म्हणाल्या आणि आपण काय बोललो ते कळून थांबल्या. "गर्भाशयाच्या अस्तरात कॅन्सर आहे, आउक्ये. पार खोलवर गेलाय."

एकसष्ट वर्षांच्या आउक्येने मांडीवरची पर्स घट्ट धरली. बोलला तो तिचा नवरा, डाउवे.

"असं कसं? जूनमध्ये तर काहीच नव्हतं! तुमचंच पत्र आलं होतं."

डॉक्टरांनी त्या पत्राची प्रत पुढे सरकवली. पहिली ओळ डाउवेला पाठ होती : ‘मिळालेल्या पेशींत वाईट काही दिसले नाही.’ ती त्याने फाटकातूनच ओरडून वाचून दाखवली होती. त्या दिवशी गावात शाळेचे निकाल लागले होते. तिथल्या रिवाजाप्रमाणे पास झालेल्या पोरांची दप्तरं घरोघरी झेंड्याच्या काठीला लटकत होती. डाउवेला कुठला धीर धरवतोय? त्यानेही झेंडा लावला आणि काठीला बायकोची पर्स टांगली. आउक्ये पास! गल्लीभर केक वाटला.

खालच्या ओळी तो आज पहिल्यांदा वाचत होता. ‘मात्र नमुना अपुरा असल्याने निदान करता येत नाही. सहा आठवड्यांत फेरतपासणीस यावे.’

"म्हणजे तेव्हाही असेल?" त्याने विचारलं.

"असेल, नसेल. त्या एवढ्याशा तुकड्यावरून कुणालाच सांगता आलं नसतं. म्हणून तर परत बोलावलं होतं." डॉक्टर आउक्येकडे वळल्या. "रक्त पुन्हा कधी जायला लागलं?"

"सप्टेंबरात."

"सप्टेंबरात?" डाउवे ओरडलाच. "आता फेब्रुवारी चाललाय! अगं, मला बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार? सगळ्या गल्लीने माझा केक खाल्ला होता."

डाउवेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पत्राची घडी घालत बसला, उघडत बसला.

"सोमवारी दाखल व्हा," डॉक्टर म्हणाल्या. "उशीर नको."

आउक्ये पर्स घेऊन उठली. डाउवेने पटकन हात पुढे केला.

"पर्स दे इकडे. मी धरतो."

"नको," ती म्हणाली. "तू परत टांगशील."